गोधडीखाली कोण हलतंय?

कराडला भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न. आजोळ शिराळा तालुक्यात, आरळ्याकडं. तिचं म्हणणं थोडक्यात असं : "आपण प्लेटच्या कडेपासून हजार-दीड हजार किलोमीटर आत आहोत, तरी लहानपणापासून धक्के खातोय. इथं भूकंप होतातच का? अडीच-तीनच्या धक्क्यांचा अभ्यास करून हाती काय लागणार? प्रबंधाला हाच विषय घ्यायचा तर सुरुवात कुठून करू? आणि घरचे म्हणतात, लहान लहान होतायत तेच बरं, मोठा टळतो. हे खरं का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे : नाही. का नाही, त्याचा हिशेब पुढं येईल. मी पाटण आणि शिराळा तालुक्यांत तीसेक वर्षं भूकंपमापक यंत्रं बसवली, सांभाळली, त्यांची कागदं आणि नंतर फायली वाचल्या. त्यामुळं उत्तर लांबेल. चहा घेऊन बसा.

प्लेट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा. तिची कड लांब म्हणजे जमीन शांत, हे गणित पुस्तकातल्या रंगीत नकाशामुळं डोक्यात बसतं. भारतीय प्लेट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर वेगानं उत्तर-ईशान्येकडं सरकते आणि हिमालयात अडते. पण अडते ती कडेला, रेटा मात्र सगळ्या अंगात भरतो. खचाखच भरलेल्या एसटीत दाराशी ढकलाढकली झाली की रेटा पार मागच्या सीटपर्यंत पोचतो, आणि तोल जातो तो ज्याचा पाय आधीच कच्चा आहे त्याचा. दख्खनच्या पोटात असे कच्चे पाय पुष्कळ आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीचे भ्रंश, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींवर सरकू शकतील असे खडकातले तडे, त्या त्या काळी तयार झालेले आणि मग विसरले गेलेले. आजचा रेटा त्यांच्यातल्या एखाद्याला बरोबर तिरका बसला की तो सरकतो.

आपली खरी अडचण वेगळी आहे. कडेवर भ्रंश दिसतो, मोजता येतो. जीपीएसचे खुंट दोन्ही बाजूंना रोवले की काही वर्षांत सरक कळते. द्वीपकल्पाच्या आत ही सरक इतकी थोडी आहे, वर्षाला जेमतेम मिलीमीटरच्या घरातली, की ती यंत्राच्या चुकीत बुडून जाते. एकाच भ्रंशावरच्या दोन मोठ्या भूकंपांत शेकडो-हजारो वर्षं जातात, त्यामुळं गावाच्या आठवणीतही काही नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ चा भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याआधी त्या गावाकडं भूकंपाचं गाव म्हणून कुणी पाहिलं नव्हतं.

त्यात या भ्रंशांवर बेसॉल्टचं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचं, पांघरूण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले, आजीनं जुनी लुगडी एकावर एक घालून गोधडी शिवावी तसे. ही गोधडी किल्लारीला ३३८ मीटर जाड निघाली. कोयनेजवळ रासाटीला ९३३ मीटर, आणि गोठण्याला १,२४७ मीटर. हे आकडे अंदाजाचे नाहीत, विंधनविहिरी खणून मोजलेले आहेत. तिच्याखाली ग्रॅनाइट आणि नीस नावाचा पट्टेदार खडक, आणि आपले बहुतेक भूकंप त्या ग्रॅनाइटमध्ये होतात. म्हणजे जे हलतं ते पांघरुणाखाली. वरून बघणाऱ्याला सडा, जांभा, करवंदीच्या जाळ्या एवढंच दिसतं.

म्हणून लहान धक्के महत्त्वाचे. कोयना नदीच बघा. महाबळेश्वराहून निघून ती जवळजवळ सरळ दक्षिणेला येते आणि हेळवाकाशी काटकोनात पूर्वेला वळते. नकाशा हातात घेतलेल्या प्रत्येक भूशास्त्रज्ञाला त्या सरळ दरीवर पट्टी ठेवून "हाच भ्रंश" म्हणायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण नदी वरच्या खडकातली कुठलीही फट धरून वाहू शकते. खालचा भ्रंश कुठं आहे, किती कललेला आहे, जिवंत आहे का, हे सांगणारे साक्षीदार म्हणजे दीडचे, दोनचे, अडीचचे भूकंप. तीनच्या भूकंपात भ्रंशाचा जेमतेम दोन-तीनशे मीटरचा तुकडा सेंटीमीटरभर सरकतो. असे पाचशे तुकडे जागच्या जागी मांडले की भ्रंशाची पाटी अंधारात उभी राहते. तेवढ्यासाठीच हा खटाटोप आहे, आणि त्यातला अवघड शब्द "जागच्या जागी" हा.

आता कोयनेबद्दल, कारण तुमच्या आजोळचे धक्के त्याच गोष्टीचा पुढचा भाग आहेत. १०३ मीटर उंचीच्या धरणात १९६२ च्या सुमाराला पाणी साठू लागलं आणि लगेच परिसरात धक्के जाणवू लागले. मग यंत्रं बसली. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ चा भूकंप झाला, कोयनानगर आडवं झालं, दोनशेच्या आसपास माणसं दगावली. कोयनेची वीज बंद पडून मुंबई अंधारात गेली. धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या त्वरणमापकावर गुरुत्वाच्या ०.६३ पट हादरा नोंदला गेला. अभियंत्यांच्या जगात ती नोंद अजून वापरली जाते. धरणाच्या उतार बदलणाऱ्या भागात भेगा पडल्या, पुढं ते मजबूत केलं गेलं. नानेल-डोणीचावाडा पट्ट्यात जमिनीवर तुटक तुटक भेगांची रांग उमटली, उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य अशी.

जलाशयाजवळ सहाच्या वरचा भूकंप जगात याआधी मोजून तीन ठिकाणी झाला होता : चीनमधलं शिनफेंगच्यांग (१९६२), आफ्रिकेतलं कारिबा (१९६३), ग्रीसचं क्रेमास्टा (१९६६). कोयना त्यांत सर्वांत मोठा आणि सर्वांत हट्टी. बाकीच्या ठिकाणी गोंधळ बराच ओसरला. कोयनेला साठ वर्षं उलटली तरी चालू आहे. पाचच्या वरचे वीसपेक्षा जास्त, चारच्या वरचे दोनशेच्या आसपास, आणि बारीकसारीक सगळे धरले तर लाखाच्या वर. हे सगळं साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या तुकड्यात. डॉ. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या (एनजीआरआय) त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुष्यं या तुकड्यावर घालवली ती उगाच नाही. बाहेरच्या कुठल्याही भूकंपाची सरमिसळ नसलेली अशी नैसर्गिक प्रयोगशाळा दुसरी सापडणं कठीण.

१९८५ पासून वारणेवर चांदोलीचं धरण भरू लागलं. १९९२-९३ नंतर धक्के दक्षिणेला, वारणेच्या बाजूला दाट झाले, आणि १ फेब्रुवारी १९९४ ला तिकडं ५.४ चा झाला. तुम्ही लहानपणी आजोळी ज्या धक्क्यांनी जाग्या झालात ते याच कुळातले. फरक एवढाच की कोयनेकडं भ्रंशाच्या बाजू एकमेकींना घासून आडव्या सरकतात, वारणेकडं बऱ्याचदा एक बाजू खाली घसरते. हे सरकण्याचे प्रकारही आपल्याला लहान भूकंपांवरूनच कळतात. पहिल्या लहरीनं कुठल्या स्टेशनवर जमीन वर उचलली आणि कुठं खाली ओढली, ते गोलावर मांडायचं.

पाणी इतकं का बाधतं, यावर गावात दोन मतं ऐकाल. एक म्हणतं, पाण्याच्या वजनानं डोंगर दबतो. वजन करून पाहू. शंभर मीटर पाण्याचा तळावर दाब होतो चौरस सेंटीमीटरला १० किलो. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब चौरस सेंटीमीटरला १,३०० किलोच्या आसपास असतो. त्यात जलाशय अरुंद, म्हणजे त्याचं ओझं खाली पसरून आणखी पातळ होतं. हत्तीवर कावळा बसला, एवढाच फरक. मग? हॉटेलात नुकताच गरम पाण्यानं धुतलेला काचेचा ग्लास ओल्या टेबलावर उपडा ठेवा. न ढकलता तो सरकायला लागतो, कारण आत कोंडलेली हवा त्याला किंचित उचलते. भ्रंशाच्या फटीत झिरपलेल्या पाण्याचा दाब तेच काम करतो. दोन्ही बाजूंना एकमेकींवर आवळून धरणारा जोर थोडासा कमी होतो. भ्रंश आधीच सुटायच्या बेतात असला तरच ते पुरतं. म्हणून आम्ही "धरणानं घडवलेला भूकंप" म्हणत नाही, "धरणानं चाप ओढलेला" म्हणतो. बंदूक आधीच भरलेली होती. तिच्यात दारू किती शिल्लक आहे हा खरा प्रश्न, आणि त्यावर आमच्यात अजून वाद आहेत.

दुसरं मत म्हणतं, धरणाचा काही संबंध नाही, सगळं देवाचं. त्यांना मी नुसता महिन्यांचा तक्ता दाखवतो. पावसाळ्यात धरण भरतं, त्यानंतर भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत धक्क्यांचा एक फुगवटा येतो. वीजनिर्मितीसाठी पाणी उपसत पातळी उतरते तेव्हा माघ-फाल्गुनात दुसरा. दरवर्षी तेवढाच नाही, पण साठ वर्षांच्या बेरजेत लपत नाही. पाण्याचा दाब खडकातून खाली पोचायला आठवडे-महिने लागतात, म्हणून धरण भरल्या दिवशी काही होत नाही. किती झपाट्यानं भरलं आणि आधीच्या वर्षीची कमाल पातळी ओलांडली का, याचाही मोठ्या धक्क्यांशी संबंध दिसला आहे.

धरणच हवं असंही नाही. पालघर-डहाणूकडं नोव्हेंबर २०१८ पासून महिनोन् महिने लहान धक्क्यांची रांग लागली होती. बेसॉल्टच्या मुलखात पावसाळ्यानंतर अशी रांग लागते, गावोगावी "जमिनीतून गूढ आवाज" अशा बातम्या येतात आणि कालांतरानं सगळं विरतं. तो आवाज गूढ वगैरे नसतो. नाभी, म्हणजे भूकंप जिथं सुरू होतो ती जमिनीखालची जागा, उथळ असली की पहिली लहर जमिनीतून हवेत उतरते आणि कानाला गडगड किंवा सुरुंगासारखं "धाड्" ऐकू येतं. आवाज मोठा आणि जाणवलेला परिसर लहान, तर उथळ समजायचं. नियम नाही, पण मला क्वचितच दगा दिलाय.

आता कामाचं बोलतो.

भूकंप आला की यंत्राला दोन लहरी मिळतात. पी लहर आधी, एस मागून. ग्रॅनाइटमध्ये पी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर जाते, एस साडेतीन. दोघींत एक सेकंदाचं अंतर पडलं तर भूकंप सुमारे ८ किलोमीटरवर. विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतलं अंतर मोजतो तसंच. तीन स्टेशनांवरून तीन गोल काढले की जागा मिळते, इतकं शाळेत शिकवतात. शाळेत हे शिकवत नाहीत की घड्याळ चुकलं तर सगळंच चुकतं.

माझ्या उमेदवारीच्या काळात ड्रमवर कागद गुंडाळलेला असायचा, सुई रेघा ओढायची, आणि वेळ रेडिओच्या ठोक्याशी रोज ताडून बघायची. एका थंडीत मी एका स्टेशनचं ताडणं चार दिवस टाळलं. घाटात जायचा कंटाळा, दुसरं काही नाही. त्या चार दिवसांत घड्याळ दीड सेकंद पुढं गेलं. नेमका त्याच वेळी धक्क्यांचा घोळका आला, आणि माझ्या हिशेबात तो सहा-सात किलोमीटर सरकून एका वस्तीच्या बरोबर खाली जाऊन बसला. मी ते चहाच्या टपरीवर बोललो. तिसऱ्या दिवशी त्या वस्तीतली पाच माणसं दाराशी : "साहेब, गुरंढोरं घेऊन हलायचं का?" चूक सापडली, दुरुस्त केली, जाऊन सांगितलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग आता कुणाच्या खाली गेला?" त्याला उत्तर देताना मला घाम फुटला होता. आता जीपीएसचं घड्याळ असतं, पण अँटेनावर माकडं बसतात, केबल उंदीर कुरतडतात, आणि घड्याळ गुपचूप भरकटत राहतं. फाईल उघडली की आधी जीपीएसची कुलूपबंदी, म्हणजे घड्याळ उपग्रहांशी जुळलेलं होतं का, ते बघायचं, मग भूकंप.

जागेचं. सेन्सर काळ्या मातीत ठेवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, सेन्सर कलतो. मुरूमही टाळा. उघडा कातळ शोधा, हात-दीड हात खड्डा घ्या, सिमेंटचा ओटा करा, वर झाकण, भोवती माती. सड्यावर कातळ भरपूर आहे, पण चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. त्यांची घरघर जमिनीतून दूरवर येते आणि नोंदीत ठरावीक कंपनसंख्यांच्या रेघा ओढून ठेवते. खाली नदीकाठी गेलात तर उसाच्या ट्रॉल्या आणि शेतीपंप. वारणाकाठच्या एका गावात मला रोज रात्री एकाच मिनिटाला गोंगाट चढलेला दिसायचा. आठवडाभर डोकं खाजवलं. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तेव्हा थ्री फेज येते." सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या. तेव्हापासून नव्या ठिकाणी आधी विजेचं वेळापत्रक विचारतो.

शिकायला स्वस्तातलं यंत्र हवं असेल तर रास्पबेरी शेकसारखं चालेल. त्यातला जिओफोन, म्हणजे जमिनीचं हलणं टिपणारा सेन्सर, साडेचार हर्ट्झचा असतो, जवळच्या लहान धक्क्यांना तो पुरतो. नोंद सेकंदाला शंभर नमुन्यांची तरी हवी, दोनशे मिळाले तर फार उत्तम. लहान भूकंपाचा आवाज बारीक असतो, त्याची वरची कंपनं कापली गेली तर हाती भुसा राहतो.

खोली हा या धंद्यातला सर्वांत फसवा आकडा. बातमीत "केंद्रबिंदू हेळवाकच्या नैऋत्येस ७ किलोमीटर, खोली १० किलोमीटर, कुठंही हानी नाही, धरण सुरक्षित" असं वाचता ना? कुठल्याही लहान धक्क्याची खोली नेमकी ५ किंवा १० दिसली की मी पुढं वाचत नाही. खोली निघत नसली की संगणकाला एक आकडा धरून चालायला सांगतात, आणि तो बहुधा हाच असतो. यात लबाडी नाही. सगळी स्टेशनं लांब असली तर "थोडा खोल आणि थोडा आधी" झालेला भूकंप आणि "थोडा उथळ आणि थोडा नंतर" झालेला भूकंप कागदावर सारखेच दिसतात. ही गाठ सोडवायला निदान एक स्टेशन भूकंपाच्या डोक्यावर हवं, म्हणजे खोली जितकी तितक्याच आडव्या अंतरात, आणि त्यावर एस लहर स्वच्छ उठलेली हवी. यंत्र जमिनीचं हलणं तीन घटकांत नोंदतं, एक उभा आणि दोन आडवे. एस उभ्या घटकावर शोधू नका, आडव्या दोन घटकांवर शोधा.

इथंच आणखी एक खड्डा आहे, त्यात दर वर्षी कुणी तरी पडतं. आपल्या एका बाजूला हजार मीटर उंचीचं पठार, दुसऱ्या बाजूला चिपळूणचं कोकण, जवळजवळ समुद्रसपाटीला. सॉफ्टवेअरमध्ये स्टेशनांची उंची शून्य सोडली तर ते बिचारं सगळ्यांना एकाच पाटावर बसवतं, आणि नाभी वरखाली होते. शिवाय वरचा किलोमीटरभर बेसॉल्ट, त्यात पी लहर सेकंदाला पाचेक किलोमीटरनं चालते. खाली ग्रॅनाइटमध्ये सहा. हे थर वेगळे धरा. आणि खोली समुद्रसपाटीपासून लिहिलीत की जमिनीपासून, ते पहिल्या पानावर सांगा. नाहीतर तुमचा तीन किलोमीटर आणि माझा चार किलोमीटर एकच भूकंप असेल आणि आपण भांडत बसू.

बरं, तो भूकंपच आहे ना, हेही बघा. साताऱ्या-सांगलीत क्रशरच्या खाणी आहेत, बोगद्यांची कामं असतात, विहिरीला सुरुंग लावतात. वेळ मांडून बघा. दुपारी दाटी आणि अमावस्येला, जत्रेला सुट्टी घेणारा भूकंप हा भूकंप नव्हे. सुरुंगात पहिली लहर सगळीकडं जमीन वर उचलते, एस दुबळी असते. भूकंपात काही ठिकाणी वर, काही ठिकाणी खाली, आणि एस दणदणीत.

मग मोजणी. विद्यार्थी इथं उत्साहानं चुकतात. नवी पाच स्टेशनं बसली की नोंदलेले भूकंप दुप्पट होतात, आणि लगेच आलेख निघतो, "भूकंप वाढले". भूकंप वाढले की कान वाढले? स्टेशनांच्या प्रत्येक जाळ्याची एक मर्यादा असते, जिच्यावरचा एकही भूकंप सुटत नाही. समजा ती दीड असेल, तर दीडच्या खालचे मोजणीत धरायचेच नाहीत, कितीही जीव तुटला तरी. धरणाच्या पातळीशी तुलना करताना हे पथ्य न पाळलेले प्रबंध मी परत पाठवले आहेत.

आता घरच्यांना सांगायचा हिशेब. आकड्यात एकाची वाढ म्हणजे ऊर्जेत सुमारे ३२ पट. दोनाची वाढ म्हणजे हजारपट. म्हणून १९६७ च्या ६.३ ची ऊर्जा तीनच्या धक्क्यांनी फेडायची तर तसे नव्वद हजार धक्के लागतील. निसर्गात काय होतं? एकानं लहान भूकंप साधारण दहापट संख्येनं होतात. म्हणजे एका सहाच्या मागं पाचचे दहा, चारचे शंभर, तीनचे हजार. संख्या दहापटीनं वाढते पण ऊर्जा बत्तीसपटीनं घटते, त्यामुळं लहानांची बेरीज मोठ्याला कधीच पुरी पडत नाही. चहाच्या चमच्यानं विहीर उपसण्यातला प्रकार. उलट, लहान धक्के सांगतात की भ्रंश जिवंत आहे. ते ऐकून घाबरायचं कारण नाही, पण "बरं झालं, टळलं" म्हणून दगड-मातीच्या भिंतीवर आणखी एक मजला चढवायचंही कारण नाही. गोधडी कितीही जाड असली तरी भिंत आपलीच.

अलीकडच्या पद्धतींत मला मनापासून आवडलेल्या दोन. पहिली, एकमेकांच्या तुलनेनं जागा काढणं. शेजारी शेजारी झालेल्या दोन भूकंपांच्या लहरी त्याच वाटेनं, त्याच खडकातून स्टेशनला येतात. वाटेतल्या खडकाबद्दलचं आपलं अज्ञान दोघांना सारखंच बाधतं, म्हणून दोघांच्या वेळांतला फरक घेतला की ते अज्ञान वजा होतं. एका भूकंपाची जागा किलोमीटरभर चुकीची असू शकते, पण दोघांतलं अंतर काही दहा मीटरपर्यंत बरोबर येतं. ढग वाटणारा ठिपक्यांचा पुंजका आकसून रेघ होतो, तेव्हा अंगावर काटा येतो. दुसरी, ओळखीचा आवाज चाळणीसारखा वापरणं. एका चांगल्या भूकंपाची लहर नमुना म्हणून घ्यायची आणि वर्षभराच्या गोंगाटावरून फिरवायची. गर्दीत आपल्या माणसाची शीळ ओळखावी तसे शून्याच्याही खालचे भूकंप सापडतात. हो, आकडा उणे असू शकतो. ते माप आहे, मार्क नाहीत. संगणकाला शिकवून पी-एस टिपणारे कार्यक्रमही आलेत. वेगवान आहेत, पण ते परक्या मुलखातल्या नोंदींवर शिकलेले असतात. पहिले दोनशे तरी स्वतःच्या डोळ्यांनी टिपा, मग त्यांच्यावर सोपवा.

आणि माणसांना विचारा. यंत्र नसलेल्या दरीत मांडणीवरची भांडी हेच यंत्र. "किती मोठा होता?" विचारू नका, सगळे "लई मोठा" म्हणतात. भांडी वाजली की पडली? पत्रा वाजला? झोपलेली माणसं उठली की फक्त म्हैस उठली? कौलं सरकली? आवाज आधी की हादरा आधी? दहा वाड्यांतून हे गोळा केलं की कुठं जोर होता ते नकाशावर आपोआप दिसतं. "कुठल्या दिशेनं आला" हे मात्र विचारलं तरी लिहू नका. डोंगरात आवाज घुमतो, प्रत्येकाची दिशा वेगळी.

तुमच्या प्रबंधाला माझा सल्ला : सगळं कोयना-वारणा घेऊ नका. साठ वर्षांचा सहसंबंध वगैरे फार लोकांनी केलंय. चांदोली ते आरळा या बाजूचा दहा-बारा किलोमीटरचा तुकडा घ्या, एक पावसाळा आणि त्यानंतरचे सहा महिने. दोन हजार भूकंपांची ढोबळ यादी नको, पन्नास हवेत, पण प्रत्येकाची खोली चुकीच्या मर्यादेसकट. ते बेसॉल्टमध्ये आहेत की खाली ग्रॅनाइटमध्ये, एवढा एकच प्रश्न. सध्याच्या नोंदींसाठी नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, जिला सगळे "मेरी" म्हणतात, आणि हैदराबादची एनजीआरआय यांना विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पाठवा. तुमच्या कराडातच हजारमाचीला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विंधन-भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. गोठण्याला २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल गेलेली विहीर त्यांचीच. तिथं जाऊन खालून काढलेला ग्रॅनाइट एकदा हातात घ्या. वर्षभर ज्याच्याबद्दल लिहिणार तो दगड बघितलेला बरा.

खड्डा दिवाळीआधी घेऊन ठेवा, नंतर ऊसतोड सुरू झाली की गडी मिळत नाही. पहिली फाईल आली की तीन घटकांच्या लहरी, स्टेशनची उंची आणि जीपीएसची नोंद मला पाठवा. पी तुम्ही टिपा, एस मी टिपतो. दोघांनी एकमेकांचं न बघता टिपायचं, मग ताडून पाहू.